दोन डोळ्यांच्या मधे

आये, तुला जाऊन वीस वर्षं होऊन गेली, आणि आज लिहायला बसले ती लाज वाटते म्हणून. दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही. गेल्या वर्षी माझी गर्भाची पिशवी काढली. तिच्या तोंडाशी कॅन्सर होता. तो गेला, डॉक्टर खूश आहेत. पण त्या ऑपरेशनात लघवीची जाणच गेली बघ. लागलीय हे कळतच नाही, ओलं झाल्यावर कळतं. म्हणून दर दोन तासांनी मोबाइलचा गजर वाजला की मुकाट उठायचं. पॅड लावते, तेही कधीकधी पुरत नाही. रोह्याहून सकाळच्या गाडीने येताना जागा असली तरी मी पेणपर्यंत उभीच असते.

काम तेच, रामवाडीचा तोच गणपतीचा कारखाना, जिथे तू मला डोळ्यांची आखणी शिकवलीस. बारा-तेरा वर्षांची असेन. एक डोळा काढून मी लघवीला पळाले, परत येऊन दुसरा काढला, तर बाप्पा भलतीकडेच बघायला लागले. तू ब्रशच्या दांड्याने पाठीत हाणलंस आणि म्हणालीस, "दोन डोळ्यांच्या मधे उठायचं नाय गो. हात बदलतो." ते असं काही अंगात मुरलंय की आजवर कधी उठले नाही.

गेल्या सोमवारी उजवा डोळा झाला आणि मोबाइल वाजला. मी मूर्ख, तो बंद केला आणि डावा डोळा पुरा केला. सुंदर झाला. ब्रश खाली ठेवला तेव्हा साडी भिजलेली, पाटाखालून ओघळ निघालेला. मला काय सुचलं सांगू? ब्रश धुवायचा पाण्याचा डबा मुद्दाम उलटा केला, म्हणजे सगळं एकच पाणी दिसेल. ते पाणी शेजारच्या रंगवून झालेल्या मूर्तीखाली गेलं. शाडू तो, बैठकीची कड बघता बघता विरघळली. मालक धावत आले, कुणाचा धक्का लागला म्हणून विचारायला लागले. शेजारी तुझी मैत्रीण होती, मावशी. सत्तरी उलटली तिची, हात थोडा थरथरतो. मी म्हटलं, "मावशीचा हात लागला वाटतं."

मावशीने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या साडीकडे. मालकांना म्हणाली, व्हय, माझाच लागला असेल. दुसऱ्या दिवसापासून तिला आखणीवरून काढलं. आता ती दाराशी बसून कच्च्या मूर्ती पॉलिश पेपरने घासते, धूळ नाकातोंडात जाते. चाळीस वर्षं डोळे काढले तिने, त्यातली निम्मी तुझ्या बरोबरीने. मला रोज वाटतं, उठावं आणि मालकांना सांगावं. मग कारखान्यातली सगळी माणसं माझ्या पाटाकडे बघतील, या विचारानेच पाय उचलत नाही.

काल जेवणाच्या सुट्टीत मावशीने कागदात गुंडाळलेला एक परकर माझ्या पिशवीत कोंबला. जाड सुती, आतून अस्तर शिवलेलं. "मला बी लागतो, दोन हायत," एवढंच बोलली.

मालकांना अजून काही सांगितलेलं नाही, आये. तिच्या वाटच्या मूर्तींचे डोळे आता मीच काढते, तिने दिलेला परकर नेसून.