खालचा आकडा

डोंबिवली, माघ वद्य तृतीया, शके १८७४

मी दोनच यत्ता शिकले, पण पावकी-निमकी अजून तोंडपाठ आहे. छेद हा शब्द मात्र आज कळला. नात कुमुद संध्याकाळी ओरडून पाठ करत होती, "वरचा आकडा तोच ठेवून छेद वाढवला, तर वाटा लहान होतो."

माझी लेक सुशी समोरच खरवस कापत होती. नवरा गेल्यापासून दोन पोरींसकट इथेच आहे. तिला दिराकडे आंबिवलीला धाडा, म्हणून मीच मुलाच्या मागे लागले आहे. पूर्वी ताटलीत पाच तुकडे व्हायचे, आता आठ. मी म्हटलं, "ऐकलंस ना सुशे? ताटली तीच, खाली तीन डोकी वाढली."

सून पदराआड हसली. मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू?

सुशी रडेल असं वाटलेलं. तिने आठही तुकडे अगदी सारखे कापले नि म्हणाली, "आई, आणणारा एकटा दादा. खाणाऱ्यांत तूही आलीसच की."

कार्टी! सून अजून हसतच होती, पण आता माझ्याकडे बघून.

सुशीचं काय चुकलं? काहीच नाही. डोकी कमी करायला घेतली, तर सुशीनंतर माझाच नंबर. ती घरात आहे तोवर सुनेचं बोट आधी तिच्याकडे जाईल.

जेवणं झाल्यावर मुलाला सांगितलं, "आंबिवलीला पत्र नको घालूस. राहू दे तिला."

सुशीने येऊन माझे पाय धरले. तिला वाटलं, आईला माया आली. वाटू दे.