नानांचा ग्लास

शनिवार, ९ जानेवारी १९९९, जळगाव

कोल्याची चाचणी झाली एकदाची. एका जगमध्ये नेहमीचा कोला, दुसऱ्यात नवा बिनसाखरेचा, जगांवर अनुक्रमे अ आणि ब अशा चिठ्ठ्या. वर्गात कुणालाच फरक सांगता आला नाही. मधे चिठ्ठ्या ओल्या होऊन गळून पडल्या होत्या, त्या मी आठवेल तशा परत लावल्या. बरोबरच लावल्या असतील.

शेवटी ब मधला उरलेला कोला प्रयोगशाळेतल्या नानांना दिला. त्यांना डायबिटीस, चहासुद्धा बिनसाखरेचा पितात. "नाना, यात साखर नाही, बिनधास्त घ्या," म्हटलं. एक घोट घेऊन म्हणाले, "पोरी, हाई ते गोड शे." मी हसले. ही गोडी वेगळी असते, असं समजावलं. मग त्यांनी ग्लास संपवला.

संध्याकाळी ग्लास विसळायला गेले, तर नानांच्या ग्लासात मुंग्या. अ चे ग्लासही तसेच उष्टे, पण तिथे एकही मुंगी नाही. त्या चिठ्ठ्या. आठवेल तशा लावलेल्या.

चिठ्ठ्या उलट्या लागल्या, ते सरांना सोमवारी सांगेन. उद्या सकाळी आधी नशिराबादला नानांच्या घरी जायचं. फरक ओळखला तो त्यांनी एकट्यानेच, आणि मी त्यांना शिकवलं. वर दुसरा ग्लास भरून दिला.