हयात पानावरची तिसरी ओळ

१ सप्टेंबर २०१७
बदली होऊन झाशीत आलो. घर हवेशीर, शेजारी लाघवी. डावीकडच्या अनुसूयाबाईंनी मोदक पाठवले, उजवीकडच्या हरिभाऊंनी त्यांची सायकल वापरायला दिली. बकुळने बडा बाजारात घासाघीस करून चाळणी आणली आणि दिवसभर लढाई जिंकल्यासारखी मिरवली.

संध्याकाळी मराठी मंडळाचे केशवराव आले. मला मॅक्रो, म्हणजे एक्सेलचं काम आपोआप करणारे छोटे प्रोग्राम, येतात हे कळताच मंडळाची एक्सेल फाइल गळ्यात मारून गेले. तिच्यात दोन पानं, ‘हयात’ आणि ‘दिवंगत’. पितृपक्षात मॅक्रो दिवंगतांच्या श्राद्धतिथीच्या चिठ्ठ्या काढतो, मंडळ त्या घरोघर पोचवतं. ‘हयात’मध्ये आमच्या गल्लीत, शेजाऱ्यांखाली मी आमची नावं घातली. आधी नवऱ्याचं घालायची इथली रीत. मी लाडाने बायकोचं, बकुळचं, आधी घातलं.

३ सप्टेंबर
मॅक्रो लिहिणारे जगन्नाथजी गेल्या वर्षी वारले, नाहीतर जाऊन भांडलो असतो. रेंज, म्हणजे कोणत्या ओळी घ्यायच्या ते, लिहिली, पण कोणत्या पानावरची ते सांगायला नको? जे पान उघडं असेल त्याच्यावर मॅक्रो चालतो! आमच्या गल्लीच्या पहिल्या तीन ओळींवर करून पाहिला, तेव्हा ‘हयात’ उघडं होतं. चिठ्ठ्या निघाल्या: अनुसूयाबाई, द्वितीया. हरिभाऊ, तृतीया. बकुळ, पंचमी. ‘हयात’मध्ये तर तिथीचा रकानाच नाही. केशवराव म्हणाले, फाडून टाका भैया, किसी को बताना मत.

६ सप्टेंबर
रेंजच्या आधी ‘दिवंगत’ लिहिलं. रेंजच्या आतल्या चौकटींना, सेलना, ते लिहायचं राहिलं, म्हणून एरर. तेही लिहिलं. तरी त्याच तीन चिठ्ठ्या! सबंध दिवस पाण्यात. जेवताना बकुळवर उगाच खेकसलो, भाजी अळणी म्हणून.

८ सप्टेंबर
द्वितीया. अनुसूयाबाई सकाळी पूजेला बसल्या, त्या उठल्याच नाहीत. योगायोग. योगायोगच असणार.

९ सप्टेंबर
हरिभाऊ गेले. सायकल अजून आमच्या दारात. बकुळचं नाव खोडलं — परत तिथेच. फाइल पुसली — परत आहे.

१० सप्टेंबर, सकाळ
चतुर्थी सकाळीच संपून पंचमी लागली. बकुळ तापाने फणफणली आहे, डोळे उघडत नाही. मूर्ख मी, रेंज काय दुरुस्त करत बसलो! फाइलला तिसरी ओळ हवी आहे, एवढंच; नाव कोणाचंही चालेल. नावं बदलली. रीतीप्रमाणे माझं वर, बकुळचं खाली. या वेळी फाइलने घेतलं. मॅक्रो चालवला. तिसरी चिठ्ठी निघाली: माझं नाव, पंचमी.

दुपार
ताप उतरला. चहा मागते आहे. मॅक्रोत एकही एरर — हात उचलवत नाही. बकुळ, भाजी चांगली झाली होती, मी उगाच —