हरकत असल्यास कळवावे

कोरीट,
होळीनंतरचा मंगळवार

लोणखेड्याचे आमचे धाकटे दीर गिरधरभाऊ यांस जसोदाभाभीचा भरल्या घरातून आशीर्वाद. तुझा गुडघा काय म्हणतो? जावबाईंचा खोकला हटला का? इकडे सगळे बरे आहेत. मी जरा जास्तच बरी आहे, आणि तेच माझे दुखणे आहे. (पत्र सिंधू लिहिते आहे. सून सातवी शिकलेली असली की सासूला मनातले बोलायची चोरी. ती हसते आहे, ते लिहायचे नाही.)

तर जमिनीचे काम झाले. तुझे दादा कूळ म्हणून कसत होते तो नदीकाठचा तुकडा त्यांच्यामागे माझ्या नावावर लागला. तू म्हणशील, मग पेढे पाठव, रडतेस कशाला? तर ऐक. नंदुरबारला जमिनीचे ट्रायबुनल बसते, तिथल्या जज्जसाहेबांपुढे बोलायचे म्हणून मी सबंध पौष महिना भाषण बसवले. तुझे दादा अंथरुणाला खिळले तेव्हा नांगर मी धरला, बाईने नांगराला हात लावला म्हणून गावाने तोंडे फिरवली, तरी कापूस उभा केला, असे ते भाषण. सराव बैलांपुढे केला. ढवळ्याने शेवटपर्यंत ऐकले, दुसरा (त्याला अक्कल बेताची) मधेच बसला. आवाज कुठे चढवायचा, पदर डोळ्यांना कुठे लावायचा, सगळे पक्के होते.

पण आमच्या लेकाने, छगनने, गाडी घातली मिरची बाजारातून. लालभडक ढीग, वरून वारा. कचेरीच्या पायरीवर पोचले तेव्हा माझ्या नाकाडोळ्यांना धारा लागलेल्या. म्हणजे रडणे भाषणाच्या आधीच येऊन बसले. आणि आत जज्जसाहेब नव्हतेच! कारकून म्हणाला, आता नवी पद्धत आहे. ज्यात कोणाची हरकत नाही अशी किरकोळ कामे साहेबांनी वकिली शिकलेल्या एका अधिकाऱ्याकडे सोपवली आहेत, साहेब फक्त भांडणाची ऐकतात. म्हणजे मी किरकोळ. (तसा सासरी आल्यापासून हा निकाल मला ठाऊक होता, पण सरकारी शिक्का आत्ता बसला.)

अधिकारी आमच्या छगनच्या वयाचा, फार कनवाळू. माझे डोळे बघून त्याला वाटले, नवऱ्याच्या आठवणीने म्हातारीला भरून आले. त्याने पाणी मागवले आणि कागद भराभर उलटायला लागला. मी म्हटले, "भाऊ, मन्हं ऐकी तं ले."

"मावशी, तुम्हाला बोलायचा त्रासच नको. झालं तुमचं काम."

मयताची विधवा म्हणून अंगठा घेतला. नांगराचे त्यात एक अक्षर नाही. जिंकून इतकी हरलेली बाई तू पाहिली नसशील. पद्धत वाईट म्हणावी तर तेही नाही, लोकांच्या खेपा वाचतात. मला मेलीला तक्रारीपुरतीही जागा ठेवली नाही.

घरी येऊन मीही तोरा दाखवला. आजपासून भाजी कोणती, दूध किती, माहेरी कोणी कधी जायचे ही किरकोळ कामे सिंधूकडे. भांडण असेल तरच माझ्याकडे आणा, म्हटले. तेव्हापासून मी ओट्यावर जज्ज होऊन बसले आहे आणि घरात एक भांडण होईल तर शपथ. काल दोन्ही नातवंडांना एकच पेरू देऊन पाहिला. मेल्यांनी अर्धा अर्धा खाल्ला.

तुझी भाभी,
जसोदाबाई (अंगठा खाली आहे, डाग समजू नये)

ता. क. पेढे छगनच्या हाती पाठवते.

पुन्हा ता. क. खरे काम हे. तू कचेरीत हरकतीचा अर्ज टाक. लिही की जमीन माझ्या भावानेच कसली, ही बाई शेतात कधी उतरलीच नाही. म्हणजे भांडण झाले, म्हणजे जज्जसाहेब आले. मी नांगर धरला तेव्हा बांधावर उभा राहून, घराण्याचे नाक कापले म्हणाला होतास. तेव्हा हरकत घ्यायची तुला सवय आहे. अर्ज नीट झोंबेल असा लिही. माझे बोलून झाले की मागे घे.

काका, सिंधूचा नमस्कार. वरचे त्यांनी सांगितले तसे लिहिले आहे, पण हरकत घेऊ नका, लागलेले नाव अडकून पडेल. घरची किरकोळ कामे माझ्याकडे असल्याने हा निर्णय मी दिला आहे. त्यांना तो वाचून दाखवलेला नाही. त्याऐवजी रविवारी तुम्ही इकडे या आणि भाषण ऐका. आम्ही ऐकत नाही असे नाही. पण आमच्यापुढे सासूबाई नांगरापर्यंत येतात आणि चहा ठेवायला उठतात. तुमच्यापुढे उठणार नाहीत.