उजव्या खांद्याचा पॅड

बोगादी, म्हैसूर
मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५

चि. शरत यास,

अनेक आशीर्वाद. मोठ्या बहिणीने पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायचे असतात असं आईने शिकवलंय, म्हणून लिहिले. मनापासून आहेत असं समजू नकोस.

इकडे सगळं ठीक. कॉलेजात वार्षिक खेळांची धांदल आहे, नळाला एक दिवसाआड पाणी येतंय आणि कालपासून मी भात थोडा जास्त लावते आहे. आईचे गुडघे कसे आहेत? तिला सांग, तिने दिलेली लसणाची चटणी संपली.

फोन तू उचलत नाहीस. दुकानात आले असते, पण गिऱ्हाइकांसमोर तमाशा तुला आवडतो, मला नाही. मराठीत लिहितेय, कारण कन्नडात लिहिलं तर काजं करणाऱ्या पोरांपासून शेजारच्या चहावाल्यापर्यंत सगळे वाचतील. हे पत्र हातोहात पाठवतेय, तू एकट्याने वाच.

रविवारी येलवालच्या मैदानावर, धनुषच्या बेसबॉलच्या चाचणीत, तू चार लोकांत कन्नडात ओरडलास, "अक्काला होट्टेकिच्चु आहे, एवढंच! तिला स्वतःला जायला मिळालं नाही, आता माझ्या मुलाचं बघवत नाही!" मत्सर, पोटातली आग म्हणे. पुण्याहून आलेली अकादमीची माणसं बिचारी एकमेकांची तोंडं बघत राहिली. त्यांना कन्नड कळलं नाही, पण तुझा आवाज कळला.

तर ऐक. आग आहे. सॉफ्टबॉलच्या राष्ट्रीय शिबिरासाठी माझं नाव आलं होतं आणि अप्पांनी परस्पर नकार कळवला, हे मी विसरलेले नाही आणि विसरणारही नाही. पण जरा डोकं चालव. मला धनुषचं वाईटच करायचं असतं, तर त्या लोकांनी "मॅडम, तुम्ही शिकवलंय, घेऊ का याला?" असं विचारल्यावर मी "खुशाल न्या" म्हटलं असतं. तुझ्याकडून पेढे खाल्ले असते आणि वर्षभरात त्याचा हात निकामी झाल्यावर सांत्वनाला आले असते. "नाही" म्हणून तुझ्या शिव्या खायला मला काय वेड लागलंय?

तुला वेग दिसला. त्या मशीनवर आकडा उमटला की तू टाळ्या वाजवत होतास, जसं काही मीटरवाली रिक्षा पळतेय. मी प्लेटच्या मागे कॅचरच्या जागी बसले होते. समोरून काय येतं ते मला दिसतं. पोरगा चांगला आहे, शरत. बेसबॉल टाकणारी इतकी मुलं मी शिकवली, पण चेंडू सुटताना ज्याचं मनगट असं शांत राहतं, असा दुसरा पाहिला नाही. सुरुवातीला चेंडू माझ्या ग्लव्हमध्ये जिथे मागेन तिथे येत होता. मग कोपर खाली यायला लागलं. चेंडू वर उडायला लागला. तो वेग हाताने नाही, पाठीला हिसका देऊन काढत होता. आणि सगळं संपल्यावर त्याने पाण्याची बाटली डाव्या हाताने उचलली, टोपी डाव्या हाताने काढली, त्या पुण्याच्या साहेबांशी हात मिळवतानाही डावाच पुढे केला. तुला वाटलं, पोरगा लाजला!

पुण्याच्या लोकांनाही यातलं काही दिसलं नाही, म्हणशील. खरंय. त्यांनी त्याला मागून, पुढून, बाजूने उभं करून पाहिलं. दोन्ही खांदे एका ओळीत. मलाही तेच दिसलं, आणि मी बुचकळ्यात पडले. हात इतका थकलाय तर खांदा सरळ कसा?

आता कळलं. पाकिटातून जे पडलं असेल ते तुला ओळखू येईल. तुझंच काम आहे. चाचणीसाठी तू शिवलेल्या त्या पांढऱ्या जर्सीच्या उजव्या खांद्याखाली, आतल्या बाजूने, दोन थरांचा पॅड. इतके बारीक टाके की धुताना बोटाला जाड लागलं म्हणून सापडला, नाहीतर डोळ्यांना दिसलाही नसता. मी ब्लेडने उसवला. कापडाला इजा केलेली नाही, शिंप्याच्याच घरातली आहे मी.

हे अप्पांचं शिक्षण. गिऱ्हाइकाचा एक खांदा उतरलेला असेल, पाठीला पोक असेल, तर टेप गळ्यात टाकायची आणि मुकाट्याने खडू उचलायचा. बोलायचं नाही. जे अंगात कमी आहे ते कापडात भरून द्यायचं. कितीतरी माणसं आपल्या दुकानातून ताठ होऊन बाहेर पडली आणि त्यांना कधी कळलंही नाही. मला त्याचा अभिमान होता. लहानपणी मैत्रिणींना सांगायचे.

आणि मला शिकवू नकोस की चेंडू टाकणाऱ्याचा खांदा थोडा उतरतोच. माझाही उतरलेला आहे. थोडा उतरणं वेगळं. धनुषचा दिवाळीत सरळ होता आणि आता दोन बोटं खाली आहे, हे मी काल त्याला भिंतीला टेकवून उभं केलं तेव्हा पाहिलं. दिवाळीचा शर्ट तूच शिवलास, ही जर्सीही तूच शिवलीस. दोन्ही मापं तुझ्याच हाताने घेतलीस.

हो, काल. तो माझ्याकडे आहे. मित्राकडे परीक्षेच्या अभ्यासाला गेलाय असं त्याने घरी सांगितलंय, ते खोटं आहे. सोमवारी सकाळी कॉलेजला म्हणून निघाला आणि बस धरून इकडे आला. पाठीवर दप्तर नव्हतं, जर्सी कोंबलेली पिशवी होती. मी ही गोष्ट इतका वेळ लांबवली, कारण वाचलंस की तू पत्र टाकून स्कूटर काढशील. काढू नकोस. आधी पुढचं वाच.

डाव्या हाताने चमच्याने जेवतो. शर्टात हात घालताना दातांत ओठ धरतो. मी विचारलं, "केव्हापासून?" तर म्हणाला, "अत्ते, नवीन वर्षापासून." मी म्हटलं, "मग पप्पांना सांगायचं नाही होय रे?" त्यावर तो काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत लिहिते.

"पप्पांना गोत्तु, माहितीये, अत्ते. जर्सीचं माप घेतलं ना, तेव्हा खांद्यावर टेप थांबवली. दोनदा बघितलं. मला वाटलं आता विचारतील. मग खडू घेतला आणि सुम्ने लिहून ठेवलं. मग मी पण सुम्ने राहिलो."

सुम्ने. गप्प. तुम्ही दोघं बापलेक एकाच खोलीत, टेपच्या दोन टोकांना, आणि दोघंही गप्प!

मी रविवारपासून तुझ्यावर चिडलेय, पण हे ऐकल्यावर चीड वेगळ्याच जागी गेली. त्याने इतकी वर्षं फाडलेले चेंडू तू लाल दोरा आणून पुन्हा शिवून दिलेस. दुकान बंद करून त्याच्यासाठी ग्लव्ह घालून उभा राहिलास, बोटं सुजली तरी. तुझं प्रेम नाही असं मी म्हणणार नाही. पण शरत, तो तुझा मुलगा आहे. गिऱ्हाईक नाही. त्याचा खांदा झाकायचा नव्हता, त्याला विचारायचं होतं. एक शब्द. दुखतं का?

आता तुझ्या त्या जुन्या गिऱ्हाइकाच्या, गंगाधररावांच्या ओळखीने तू येत्या रविवारी त्याला बेंगळुरूला दुसऱ्या चाचणीला नेतोयस. आणि तुमच्या गल्लीतला तो डॉक्टर आदल्या दिवशी दुखणं दाबायची सुई टोचणार आहे. हे धनुषनेच सांगितलं. त्याच भीतीने तो इकडे पळून आलाय, माझ्या प्रेमाने नव्हे. सुई घेऊन तो टाकेल, बापासाठी जीव तोडून टाकेल, मशीनवर आकडाही येईल. आणि आत जे थोडं फाटलंय ते पुरतं फाटेल. मग त्या हाताने बेसबॉल सोड, सुईत दोराही ओवता येणार नाही.

मी त्याला बेंगळुरूला जाऊ देणार नाही. पोलिसांत जा, गंगाधररावांना घेऊन ये, आईला रडवून पाठव. दार उघडणार नाही. मला अप्पांनी अडवलं तेव्हा माझ्या बाजूने दारात कोणी उभं नव्हतं. आता मी आहे.

गुरुवारी सकाळी हाडांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. दहाला निघू. यायचं तर ये. ओरडायला यायचं असेल तर दुकानातच थांब. आलास तर येताना टेप आणू नकोस, नुसता हात घेऊन ये. त्याच्या खांद्यावर ठेव आणि विचार. तो उत्तर देईल, मला खात्री आहे. गेले कित्येक दिवस तो फक्त त्या प्रश्नाची वाट बघतोय.

जर्सी धुऊन वाळवली आहे. पॅड काढल्यापासून उजवीकडे थोडी लोंबते. धनुषने आज ती घालून आरशात पाहिलं आणि म्हणाला, "हा मी आहे, अत्ते."

आईला नमस्कार सांग. पत्राच्या शेवटी पुन्हा आशीर्वाद लिहायचे असतात. ते मी धनुषला देऊन टाकलेत. तुझे गुरुवारी, दारात आलास तर.

धनुषची अत्ते,
देवश्री