पाठीवरचा हात

सोमवार, ३ जून
आज कामावर रुजू झाले! उपचार केंद्रात सहायक समुपदेशक. घरातली पहिली पदवीधर मीच, त्यामुळे ‘पोरगी डॉक्टर झाली’ असं आई शेजारपाजारी सांगत सुटलीये. खिडकीजवळचं टेबल मिळालं. केंद्र चालवणाऱ्या मॅडमनी पहिलाच धडा दिला, की भीतीला कुबडी द्यायची नाही. माणसाला वाटतं, कुबडी होती म्हणून आपण वाचलो. ती काढली की भीती दामदुपटीने परत.

गुरुवार, ६ जून
माझी पहिली पेशंट शिवणकाम करणारी एक मावशी. लिफ्टमध्ये एकटी असली की जीव जाईल असं वाटतं. कारखाना आठव्या मजल्यावर, जिना गुडघ्यांना झेपत नाही. महिनाअखेरीपर्यंत रुजू झाली नाही तर तिचं मशीन दुसरीला देणार. म्हणाली, मालक माणूस चांगला आहे गं, फक्त मनाने नाही.

सोमवार, १० जून
केंद्राच्या लिफ्टच्या दारातच मावशी लटलट कापायला लागली. मला बघवेना. मॅडम आसपास नव्हत्या. मी मागे उभी राहिले, तिच्या पाठीवर तळहात ठेवला. वर गेली, खाली आली! आता रोज असंच करायचं, आमच्या दोघींतच. अहवालात मी ‘एकटीने’ असं लिहिलं.

मंगळवार, १८ जून
अहवाल वाचून मॅडमनी शाबासकी दिली. म्हणून आज मावशीला खरंच एकटीला पाठवलं. मी खालीच थांबले.
परतली ती फुललेली. म्हणाली, पोरी, तू मागे होतीस म्हणून निभावलं. पण हात किती गार पडलेत गं तुझे!

शुक्रवार, २१ जून
मावशी कामावर जाते. पण पाठीवरचा हात आता लिफ्टबाहेरही सुटत नाही म्हणते. ओट्यापाशी. मशीनवर. मागे वळून बघायचा तिला धीर होत नाही.
मॅडमच्या दारापर्यंत गेले. सांगणारच होते. नोकरी गेली तर आईला— परत फिरले.

सोमवार, २४ जून
कारखान्यातून फोन. मावशी लिफ्टमधून बाहेर येईना. हात काढला तर पडेन, म्हणत होती. मी धावत तिथे गेले, लिफ्टमध्ये शिरले. सगळं माझ्यामुळे झालं म्हणून माफी मागितली. तिला धरून बाहेर आणायला पाठीवर हात ठेवला—
तिथे बोटं होती. गार.
सरकली. माझ्या हाताला जागा करून दिली.

मंगळवार, २५ जून
मावशी मोकळी झाली. तिला आता काहीच जाणवत नाही. मला दुवा देत होती— मला!
मी पाठ भिंतीला टेकवून बसलेय. भिंत असली की बरं वाटतं. सकाळपासून सोडलेली नाही.
आई जेवायला हाका मारतेय. उठायला हवं. जरा पुढे सरकले, आणि मागून—