नुसत्या ओठांची गाणी

आई, तू जाऊन एकवीस वर्षं झाली. नगरच्या चर्चमध्ये तुझ्या नावाची फरशी बसवली आहे. ‘मुलांना प्रभूकडे नेणारी’ असं तीवर कोरलंय. त्या मुलांपैकी एक मी होते. मजकूर ठरवताना मला कोणी विचारलं नाही.

सौदीतलं, धाहरानजवळचं आपलं स्वयंपाकघर आठवतं. बाहेर दर महिन्याला नवी इमारत उभी राहायची, बाबा शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशीही कंपनीच्या बसनं ओव्हरटाइमला जायचे, आणि आसपासची सहा मराठी मुलं दप्तर घेऊन आपल्याकडे यायची. कोणी विचारलंच तर तू गणिताची शिकवणी घेतेस, असं सांगायचं ठरलं होतं. खिडकीला जाड पडदा, एसी पूर्ण सोडलेला. येशूची गाणी तिथं उघड म्हणायला बंदी, म्हणून आम्ही ती आवाज न करता म्हणायचो. नुसते ओठ हलवायचे. तू समोर उभी राहून ओठ वाचायचीस, आणि ज्याचा शब्द चुकेल त्याच्या खांद्यावर लाटणं टेकवायचीस. शेवटी आम्ही चित्रं काढायचो, मेंढपाळ, होडी, पाच भाकरी. मग ती सगळी बादलीत. तू कोपरापर्यंत हात घालून कणकेसारखी मळायचीस, पाण्यात रंग उतरेपर्यंत. घरात असला कागद सापडला तर इकामा, म्हणजे तिथं राहायचा परवाना जाईल, एवढं आम्हा मुलांनाही कळत होतं. वरच्या मजल्यावरचं कुटुंब असंच आठवड्याच्या आत परत गेलं होतं. त्यांचा फ्रिज बरेच दिवस जिन्यात उभा होता.

मी आठ वर्षांची. एकदा मला मेंढरू चांगलं जमलं. पहिल्यांदाच चारही पाय जमिनीला टेकले होते. ते मी गणिताच्या वहीत लपवलं. तुला ते दुसऱ्याच दिवशी सापडलं, पण तू पुढच्या शुक्रवारपर्यंत, सगळी मुलं जमेपर्यंत थांबलीस.

“एक मेंढरू हरवलं होतं,” तू म्हणालीस. “कुणाचं गं?”

“माझं.”

“तुझ्या एका मेंढरापायी ही सगळी घरं विमानात बसली असती. खा ते.”

मला थट्टा वाटली. तू पाण्याचा ग्लास पुढे सरकवलास. “नीट चाव.”

मी चावते आहे. मेणाच्या खडूची चव जिभेला चिकटते. शेजारची मुलगी फिदीफिदी हसते, “आंटी, मेंढरानं मेंढरू खाल्लं!” आणि तू हसतेस, आई. तिच्याबरोबर. मग गाणं सुरू करतेस. तोंडात लगदा, मी ओठ हलवते, आणि तू म्हणतेस, “दुसऱ्या कडव्यात चुकलीस. पुन्हा.”

ती मुलगी आता लोकांना सांगते, की विश्वास तिला आपल्या स्वयंपाकघरात मिळाला. मिळाला असेल. मला पाठांतर मिळालं. धोका खरा होता, तू आम्हाला वाचवत होतीस, हे मला कळतं. हसायची गरज नव्हती.

तुझे शेवटचे दिवस, नगरचा दवाखाना, दुपार. तुझी नजर गेली होती. कान मात्र शाबूत होते. सकाळीच तू माझ्या चपलेचा आवाज ओळखला होतास. “ते मेंढपाळाचं गाणं म्हण,” तू म्हणालीस. तिथं पडद्याची गरज नव्हती. भिण्यासारखं कोणी नव्हतं. मी खुर्ची जवळ ओढली आणि ओठ हलवायला लागले.

“म्हणतेस ना गं?”

मी तुझा हात दाबला. तू मान वळवून कान माझ्याकडे केलास. थोडा वेळ वाट पाहिलीस.

“कानही गेले वाटतं,” तू म्हणालीस.

मी ‘नाही’ म्हणाले नाही. चारही कडवी पूर्ण केली. एकही शब्द चुकला नाही.

गाणं गळ्यापर्यंत आलं होतं, आई. म्हणावंसं वाटत होतं.